ओटीपोटातली कळ आणि ओव्हरीवरचा आळ

सोनोग्राफीचा रिपोर्ट लिहिलेला असतो डॉक्टरांसाठी, पण तो आधी वाचते ती बाई. सेंटरच्या बाहेर, रिक्षात, नाहीतर जिन्यात उभ्या उभ्याच. बरंचसं काही कळत नाही, मग नजर शेवटच्या ठळक ओळीवर जाते: ‘उजव्या ओव्हरीत ३.२ सेंटिमीटरची सिंपल सिस्ट.’ सिस्ट म्हणजे गाठ, एवढं ठाऊक असतं. गाठ म्हटल्यावर पुढचा शब्द कोणी उच्चारावा लागत नाही. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर शोधून झालेलं असतं, आणि सकाळी अधूनमधून चमकणारी उजवी बाजू रात्री जेवणाच्या वेळेला सलग ठणकायला लागते.

यात ढोंग काहीच नसतं. दुखणं आणि धास्ती एकमेकींना खतपाणी घालतात, ते कसं हे पुढे येईलच. पण गाठ दिसणं आणि पोट दुखणं या दोन गोष्टी एकाच आठवड्यात कळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं ठरत नाही. ओव्हरीच्या दुखण्यात सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथेच. दुखणं खरं असतं, पण त्याचा आळ पुष्कळदा भलत्याच अवयवावर येतो. आणि एकदा आळ आला की शिक्षाही त्यालाच होते.

ओव्हरी म्हणजे अंडाशय. साधारण बदामाएवढा अवयव, लांबी तीन-चार सेंटिमीटर. गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना एकेक, ओटीपोटात बरीच खोल. ‘कुठे दुखतं?’ असं विचारल्यावर बाई हाताचा तळवा पोटावर फिरवते, एक बोट टेकवून ‘इथे’ असं क्वचितच दाखवते. त्याला कारण आहे. त्वचेला टाचणी टोचली तर नेमकी जागा सांगता येते, आतल्या अवयवांचं तसं नसतं. ओव्हरीकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात बऱ्याच वर, छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर शिरतात. त्याच पातळीवर अपेंडिक्सच्या आणि आतड्याच्या काही भागाच्या नसाही शिरतात, आणि बेंबीभोवतीच्या त्वचेच्याही. निरोप कुठून आला याचा मेंदूला मग अंदाजच बांधावा लागतो. म्हणून ओव्हरीचं दुखणं बेंबीपाशी, कमरेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला जाणवू शकतं. उजवीकडची कळ ओव्हरीची की अपेंडिक्सची, हे ठरवताना मुरलेले सर्जनही दोनदा विचार करतात. डावीकडे तर मोठ्या आतड्याचा शेवटचा नागमोडी भाग ओव्हरीला खेटूनच असतो. चार दिवस पोट साफ झालं नाही की ‘डावी ओव्हरी’ दुखू लागते, ती यामुळे.

संशयितांची यादी इथे संपत नाही. मूत्रनलिकेत अडकलेला खडा, लघवीचा जंतुसंसर्ग, चिडकं आतडं, कमरेचा मणका आणि पोटाची भिंत. ही भिंत कोणाच्या लक्षातच येत नाही. पोटाच्या स्नायूंतून बाहेर येणारी एखादी बारीक नस दाबली गेली, विशेषतः सिझेरियनच्या किंवा टाक्याच्या व्रणाजवळ, तर महिनोन्‌महिने एकाच जागी दुखत राहतं आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही. हे ओळखायची एक जुनी, बिनखर्चाची तपासणी आहे. बाईला उताणं झोपवायचं आणि दुखऱ्या जागी बोट दाबून ठेवायचं. मग तिला हात न टेकता डोकं आणि खांदे थोडे वर उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतले अवयव त्यांच्या आड जातात. दुखणं कमी झालं तर ते आतलं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर बहुधा भिंतीचं. कार्नेट या अमेरिकी सर्जननं ही युक्ती १९२६ साली सांगितली. तिला दहा सेकंद लागतात. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि चिठ्ठीच जास्त वेळा लिहिली जाते.

आता खुद्द ओव्हरीकडे येऊ. तिचं कामच असं आहे की थोडीफार दुखापत तिच्या वाट्याला दर महिन्याला येते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात एक बीजपुटिका वाढत वाढत दोन सेंटिमीटरच्या वर जाते आणि मग फुटते. त्यातून स्त्रीबीज बाहेर पडतं, त्याबरोबर थोडं पाणी, कधी थेंबभर रक्त. ते पोटाच्या आतल्या नाजूक अस्तराला लागलं की चुरचुरतं. या महिन्यात उजवीकडे, पुढच्या वेळी कदाचित डावीकडे, कधी काही तास तर कधी दीड-दोन दिवस. ही कळ पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी येते. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, पस्तीस दिवसांची असेल तर एकविसाव्या. पुष्कळ बायकांना ती जाणवते, पण ती कशाची हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ‘आई, खाली एका बाजूला दुखतंय.’ ‘अगं, पाळी येणार असेल.’ हा संवाद घरोघरी होतो आणि तिथेच थांबतो. पाळीला अजून दोन आठवडे आहेत, ही गोष्ट दोघींच्याही ध्यानात येत नाही.

कधी ती पुटिका वेळेवर फुटत नाही, नुसतीच वाढत राहते. कधी फुटल्यानंतरची जागा पाण्यानं किंवा रक्तानं भरून फुगते. सोनोग्राफीत जी ‘पाण्याची गाठ’ दिसते ती बहुतेक वेळा हीच. पाळी चालू असलेल्या बाईत पाच सेंटिमीटरपर्यंतची, पातळ भिंतीची, आत नितळ पाणी असलेली गाठ दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक सूचना तर म्हणते की एवढ्या गाठीला पुन्हा सोनोग्राफीचीही गरज नाही. पाच ते सात सेंटिमीटरच्या मधली असेल तर वर्षानं पुन्हा बघावं, त्याहून मोठी असेल तर पुढचा विचार करावा. अशा गाठी विरघळवायला आपल्याकडे सर्रास हार्मोनच्या गोळ्या लिहून देतात. त्या गोळ्यांनी आधीची गाठ लवकर जाते का, याचे अभ्यास झाले आहेत आणि उत्तर नकारार्थी आलं आहे. गाठ आपल्या वेळेनं जाते, श्रेय गोळीला मिळतं.

सोनोग्राफी केव्हा केली यालाही महत्त्व आहे. पाळी संपल्यावर लगेच, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये केली तर मागच्या महिन्याच्या पुटिका बऱ्याचशा निवळलेल्या असतात. पाळीच्या तोंडावर केली तर ओव्हरी आपल्या रोजच्या कामात रंगेहाथ पकडली जाते आणि रिपोर्टात ते काम रोग म्हणून उमटतं. ‘ओटीपोटात थोडं पाणी दिसतं’ या वाक्याचंही तेच, पुटिका फुटल्यानंतर तिथे चमचाभर पाणी असणारच. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं पाळीची तारीख विचारली नसेल तर आपण होऊन सांगावी.

पीसीओडीचं नाव इथे घ्यावं लागेल, कारण अलीकडे ओटीपोटाच्या प्रत्येक दुखण्याचं खापर तिच्यावर फुटतं. सोनोग्राफीत ओव्हरीच्या कडेनं दिसणारे ते बारीक ठिपके म्हणजे गाठी नसतात. अर्धवट वाढून थांबलेल्या पुटिका असतात त्या. हा आजार मूळ हार्मोनचा आहे. पाळी लांबणं, चेहऱ्यावर लव येणं, मुरुम, वजन, पुढे मधुमेहाचा धोका, या त्याच्या तक्रारी. दुखणं हे त्याचं लक्षणच नाही. पीसीओडी आहे आणि पोटही दुखतंय, असं असेल तर दुखण्याचं कारण वेगळं शोधायला हवं. हे न केल्यानं कॉलेजातल्या कितीतरी मुली वर्षानुवर्षं वजन कमी करायचा सल्ला घेऊन घरी येतात आणि दुखणं तिथल्या तिथेच राहतं.

शोधायला हवं असं जे दुसरं कारण, ते आहे एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात, ओव्हरीवर, पिशवीच्या मागे, कधी आतड्याला चिकटून. पाळीच्या हार्मोनला त्याही प्रतिसाद देतात, तिथे रक्त साचतं, सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. ओव्हरीत असं जुनं, दाट, तपकिरी रक्त साठलं की त्याला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. जगभरात सुमारे एकोणीस कोटी. आणि निदान व्हायला चार ते बारा वर्षं लागू शकतात, असंही तीच संघटना सांगते. बारा वर्षं म्हणजे शाळेत असल्यापासून लग्न होऊन मूल का होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंतचा काळ.

एवढा उशीर का लागतो? एक तर, पाळीत दुखतंच, असं सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं असतं. दुखतं हे खरं, पण शाळा किंवा कामावर जाणं बंद व्हावं इतकं दुखणं हे साधं दुखणं नव्हे. पाळी सुरू व्हायच्या आधीपासून कळा, पाळी थांबल्यावरही त्या चालू, पाळीच्या दिवसांत शौचाला होताना दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखणं. हे शेवटचं तर बाई नवऱ्यालाही सांगत नाही, डॉक्टरांना कुठून सांगणार! दुसरं कारण असं की, या आजाराचे वरवर पसरलेले ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणायला सासर-माहेर दोघांनाही आधार मिळतो. तिसरी गोष्ट सगळ्यात विचित्र आहे. रोग किती पसरला आहे आणि किती दुखतं, यांचा एकमेकांशी फारसा मेळ नसतो. दोन-चार ठिपक्यांनी एखादी अंथरुणाला खिळते, तर एखादीच्या दोन्ही ओव्हरींत चॉकलेट सिस्ट असून तिला पत्ताही नसतो. पूर्वी दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनेनंतर लक्षणांवरून औषध सुरू करायला हरकत नाही, असं मानलं जातं. औषधं आहेत. हार्मोनच्या गोळ्या, डायनोजेस्टसारखं औषध, पिशवीत बसवायचं हार्मोनयुक्त साधन. ऑपरेशनही आहे, पण चॉकलेट सिस्ट सोलून काढताना ओव्हरीतला बीजांचा साठाही थोडा जातो. मूल हवं असलेल्या बाईनं ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

काही दुखण्यांत मात्र वाट बघणं नको. पहिलं संकट, ओव्हरीला पडणारा पीळ. गाठीच्या वजनानं ओव्हरी स्वतःभोवती पिळली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो. अचानक, एका बाजूला, सहन न होणारी कळ आणि तिच्याबरोबर उलट्या. मधेच थोडं कमी होतं, बरं वाटेल म्हणून घरचे थांबतात, आणि तेवढ्यात ओव्हरी जायची वेळ येते. केस, चरबी, क्वचित दातसुद्धा असलेली ‘डरमॉइड’ नावाची गाठ ओव्हरी पिळायला विशेष कारणीभूत ठरते. वेळेत पोचलं तर पीळ सोडवून ओव्हरी वाचवता येते. ऑपरेशनमध्ये काळीनिळी दिसलेली ओव्हरीही पुष्कळदा पुन्हा जिवंत होते, म्हणून ती लगेच काढू नये असं आता शिकवतात. दुसरं संकट, पाळी चुकलेली आणि एका बाजूला दुखतंय. लघवीची तपासणी करून गर्भ आहे असं निघालं तर तो नळीत राहिला असण्याची शंका आधी घ्यायची. चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं ही आत रक्तस्राव होत असल्याची खूण. ताप, दुर्गंधी येणारं पांढरं पाणी आणि ओटीपोट दुखणं म्हणजे जंतुसंसर्ग. तोही त्याच दिवशी दाखवायचा.

राहिला कॅन्सर. सगळ्यांच्या मनात तो पहिल्या नंबरवर असतो, म्हणून मी तो इतका उशिरा घेतला. भारतात स्त्रियांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर ओव्हरीचा क्रम लागतो. २०२२ साली देशात सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण झाल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आकडा लहान नाही. पण हा बहुतांशी पाळी जाण्याच्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा आजार आहे, आणि विशीतिशीतल्या मुलीच्या एका बाजूच्या कळेमागे तो असण्याची शक्यता फार थोडी. शिवाय तो सहसा तीव्र कळ देत येत नाही, हीच त्याची अडचण आहे. तो येतो तो पोट फुगून. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं, लघवीला सारखं जावंसं वाटतं, ओटीपोट जड राहतं, परकर घट्ट होतो. यातली कुठलीही तक्रार कुणालाही, कधीही होते. फरक असा की इथे ती नव्यानं सुरू होते आणि जात नाही. महिन्यातले बारा दिवस किंवा त्याहून जास्त अशी तक्रार असेल, आणि वय पन्नासच्या पुढे असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा-हिंग खात बसू नये. पाळी गेलेल्या बाईच्या ओव्हरीतली गाठ निराळ्या नजरेनं बघतात, तीही बहुतेकदा साधीच निघते तरीही.

मग सगळ्यांचीच दरवर्षी रक्ततपासणी का करू नये? हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ असतेच, पस्तीसच्या आत आली की जिवात जीव येतो. पण ही तपासणी एकटीनं फारशी विश्वासाची नाही. आजाराच्या सुरुवातीला निम्म्या रुग्णांत ती नॉर्मलच असते. उलट पाळी चालू असताना, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, गरोदरपणात ती वाढलेली येते. आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, गाठीसारखं काहीतरी, उतरलेलं वजन आणि सीए-१२५ भरमसाट. चित्र हुबेहूब कॅन्सरचं, आणि तुकडा तपासला की निघतो टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. ब्रिटनमध्ये २००१ पासून पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या दोन लाखांहून जास्त बायकांना घेऊन एक प्रचंड चाचणी झाली. एका गटाची दरवर्षी रक्ततपासणी, एका गटाची सोनोग्राफी, एका गटाची काहीच नाही. २०२१ साली अंतिम निकाल आला. तपासण्यांनी ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून तक्रार नसलेल्या, घराण्यात इतिहास नसलेल्या बाईनं दरवर्षी हे करावं असं कुठलीच मोठी वैद्यकीय संस्था सांगत नाही.

घराण्यात इतिहास असेल तर गोष्ट वेगळी. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला ओव्हरीचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए जनुकांची तपासणी करायची का, हे तज्ज्ञांना विचारावं. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर बायकांपैकी चाळीस किंवा जास्त जणींना आयुष्यात कधीतरी ओव्हरीचा कॅन्सर होतो. वडिलांकडूनही हा दोष येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांची चौकशीही करायची. आपल्याकडे ‘माहेरचं दुखणं’ म्हणताना फक्त आईकडचं मोजतात.

गाठ कशी आहे हे सोनोग्राफी बरंच सांगते. आत भरीव भाग आहे का, पडदे किती जाड, त्यांत रक्तप्रवाह दिसतो का. काही सेंटर आता रिपोर्टात ‘ओ-रॅड्स’ असा आकडा देतात. दोन म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहून कमी, तीन म्हणजे दहाच्या आत, चार म्हणजे दहा ते पन्नास, पाच म्हणजे पन्नासच्या वर. रिपोर्टात तो नसेल तर मागून घ्यावा. ‘गाठ आहे’ या दोन शब्दांपेक्षा तो आकडा कितीतरी जास्त बोलतो.

ओव्हरीवर आळ घ्यायची खोड जुनी आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी नावाच्या डॉक्टरांनी १८७२ साली एका तरुणीच्या ओव्हरी काढल्या. तिचा दर महिन्याचा त्रास त्यानं जाईल, अशी त्यांची समजूत. ही शस्त्रक्रिया ‘बॅटीचं ऑपरेशन’ म्हणून इतकी गाजली की पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिका आणि युरोपात हजारो बायकांच्या धडधाकट ओव्हरी निघाल्या. पोटदुखीसाठी, फिट्‌ससाठी, अगदी चिडचिडेपणासाठीसुद्धा. ऐन तारुण्यात पाळी गेली, हाडं ठिसूळ झाली, आणि बऱ्याच जणींचं मूळ दुखणं होतं तिथेच राहिलं.

हे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण २०१९ साली बीड जिल्ह्यातून बातम्या आल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तिशीच्या आत-बाहेर काढल्या जात होत्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीचा त्रास. खासगी दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी आणि एक वाक्य: पिशवीला सूज आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण होतं तीन टक्क्यांच्या थोडं वर. या बायकांचं दुखणं खोटं नव्हतं. पण त्यांना जंतुसंसर्गाचं औषध, स्वच्छ पाणी आणि पाळीच्या दिवसांत सुट्टी हवी होती. त्यांना कॅन्सरची भीती विकली गेली आणि तिच्यावरचा उपाय म्हणून ऑपरेशन. पिशवीबरोबर ओव्हरी गेल्या, किंवा राहिल्या तरी लवकर थकल्या, की तिशीतच पाळी गेल्याचे सगळे भोग सुरू होतात. कंबर, गुडघे, घाम, झोप. आणि कोयता तर उचलायचाच असतो.

बीडमध्ये त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगण्यात आलं. केंद्रानं २०२२ साली अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना त्या तीन महिन्यांत अमलात आणायला सांगितलं. शहरातल्या शिकलेल्या बाईला वाटतं, हे आपल्याबाबतीत होणार नाही. ‘मुलं झाली ना, मग काय करायची आता ती?’ हे वाक्य मात्र चांगल्या चकचकीत दवाखान्यांतही ऐकू येतं.

धास्तीचं काय करायचं? ती मनात असते आणि शरीरात उतरते, यात गूढ काही नाही. सारखं लक्ष एका जागी ठेवलं की तिथला बारीक निरोपही मेंदू मोठा करून ऐकतो. भीतीनं ओटीपोटाचे आणि माकडहाडाभोवतीचे स्नायू आवळले जातात, आवळलेले स्नायू स्वतःच दुखतात. झोप मोडली की सहनशक्ती उतरते. सहा महिने उलटले की मज्जासंस्थेला दुखण्याची सवय लागू शकते, मूळ कारण गेलं तरी निरोप येत राहतो. अशा वेळी ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी आणि समुपदेशन यांचा खरा उपयोग होतो. कोणी समुपदेशनाचं नाव काढलं म्हणजे ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हटलं, असं समजू नये. दोन्ही उपचार एकत्र चालतात.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एक साधी वही. दुखण्याचं वर्णन पानभर लिहायची गरज नाही, कॅलेंडरच्या चौकोनातही भागतं. पाळीचा कितवा दिवस, कुठली बाजू, दहापैकी किती, त्या दिवशी पोट साफ झालं होतं का, गोळी घेतली का, काम चुकलं का. उदाहरणार्थ: ‘दिवस १५, उजवीकडे, ४, सकाळी सुरू, रात्री थांबलं.’ ‘दिवस २६, मध्ये आणि कमरेत, ७, शाळेत गेले नाही.’ दोन-तीन महिन्यांत त्यातून आकृती दिसू लागते. दर वेळी मध्यावरच येतंय का? पाळीशी बांधलेलं आहे की पोट साफ न होण्याशी? दवाखान्यात मिळणाऱ्या पाच मिनिटांत ‘अधूनमधून दुखतं’ या उत्तरापेक्षा हे पान डॉक्टरांच्या फार कामाचं. भीतीलाही ते लगाम घालतं. ‘सारखं दुखतंय’ असं वाटणारं दुखणं महिन्यातले पाच दिवसच असल्याचं कागदावर दिसतं, किंवा वीस दिवस असल्याचं दिसतं आणि मग अंगावर काढायचं कारण उरत नाही.

घरी करायच्या उपायांत शेक सगळ्यात वरचा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत पाळीच्या दुखण्यावर ३९ अंश उष्णतेची पट्टी आयब्युप्रोफेनच्या बरोबरीनं चालली. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घ्यावी, रोज चटके घेऊन पोटावर काळपट जाळी उठवून घेऊ नये. दुखण्यावरची गोळी घ्यायची तर कळ असह्य होईपर्यंत थांबू नये. या गोळ्या दुखणं निर्माण करणारं रसायन तयार होण्याआधी अडवतात, सुरुवातीलाच घेतल्या तर कमी लागतात. रिकाम्या पोटी नकोत. अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर विचारल्याशिवाय नकोतच. मैत्रिणीच्या पर्समधून मिळणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी आपल्याकडे चणे-फुटाण्यांसारखी खातात. इंडियन फार्माकोपिया कमिशननं नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्याबद्दल सूचना काढली होती. क्वचित कुणाला तिच्यामुळे ताप, अंगावर पुरळ आणि आतल्या अवयवांवर परिणाम अशी तीव्र रिअ‍ॅक्शन येते. गोळी वाईट नाही, पण पुरळ उठलं तर ती थांबवून डॉक्टरांना दाखवायचं, एवढं ठाऊक हवं.

लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी बहुधा पोटावरूनच होते, लघवी रोखून, बाकावर पाय आवळून बसून. खालून केली तर ओव्हरी जास्त स्पष्ट दिसते, पण ती मुलीच्या संमतीचा भाग आहे, जबरदस्तीचा नाही. पोटावरून नीट दिसलं नाही तर एमआरआयचा पर्याय आहे. आणि तपासताना आईनं बाहेर थांबावं असं मुलीला वाटलं तर तसं म्हणायची तिला मुभा हवी. पाळी, संबंध, गोळ्या यांची खरी उत्तरं आईसमोर मिळत नाहीत, आणि त्यांच्यावाचून निदान अडतं.

ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेली तर गाठ नुसती काढणार की ओव्हरीसकट, हे तारीख ठरवण्याआधी विचारावं. दुसरी ओव्हरी कशी आहे, पिशवीला हात लावणार का, काढलेला तुकडा तपासायला पाठवणार का, दुर्बिणीतून होईल की पोट उघडून. तीन महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर काय बिघडेल, हा प्रश्न विचारायला तर अजिबात कचरू नये. जिथे थांबणं धोक्याचं असतं तिथे डॉक्टर त्याचं कारण दोन वाक्यांत सांगतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातली कोरी जागा भरून घ्यावी, आणि मराठीत समजावून द्या असं म्हणावं. सरकारी दवाखान्यात असो की खासगी, तो बाईचा हक्क आहे. गाठीचा रिपोर्ट आणि सगळ्या फिल्म घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून पहिल्यांचा अपमान होत नाही. झालाच, तर ऑपरेशन दुसऱ्यांकडे करावं.